जुने करून मिळेल

जुन्याचं नवं करून देणारी माणसं आपल्याकडे एके काळी पैशाला पासरी होती. कल्हईवाला काळ्याठिक्कर पातेल्याचा आरसा करून द्यायचा. रफूवाला पॅन्टचं भोक अशा खुबीने बुजवायचा की पुढे ते नेमकं कुठे होतं हे दाखवायला पॅन्टच्या मालकालाही चष्मा लागावा. पिंजारी बसलेली गादी उठवायचा, शिंपी झिजलेली कॉलर उलटवून द्यायचा. यांतले बरेचसे आता दिसेनासे झाले, पण पाट्या अजून दिसतात. 'जुने सोफे नव्यासारखे करून मिळतील.' 'जुने फोटो नवीन करून मिळतील.' आमच्या डोंबिवलीत तर एक केशकर्तनालय साठीच्या गृहस्थांना वीस मिनिटांत चाळिशीत आणून सोडतं. जिना चढून घरी पोचेपर्यंत ते पुन्हा आपापल्या वयात येतात, ही गोष्ट वेगळी.

पण 'नवीन वस्तू जुनी करून मिळेल' अशी पाटी मी उभ्या जन्मात पाहिलेली नाही. कारण उघड आहे. ते काम संसारात आपोआप आणि फुकट होतं. आमच्या घरात नवी वस्तू आली की ती जुनी करण्यासाठी मला काडीचेही कष्ट पडत नाहीत. त्यासाठी चिरंजीव आहेत.

असं असताना एका रविवारी माझी भाची दोन पिशव्या घेऊन आली आणि म्हणाली, "मामा, हे सगळं चार दिवसांत दहा वर्षांनी जुनं करायचंय."

भाची सिनेमा शिकते. म्हणजे बघायला नव्हे, काढायला. बघायला आम्ही न शिकताच शिकलो. तिच्या कॉलेजात शेवटच्या वर्षी प्रत्येक गटाला बारा मिनिटांचा चित्रपट करावा लागतो. दिग्दर्शक, कॅमेरामन, लेखक ही मानाची पानं मुलांनी आधीच वाटून घेतली होती. भाचीच्या वाट्याला 'वेशभूषा आणि वस्तू' हे खातं आलं. विषय होता मुंबईचा गिरणी संप. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगारांनी पुकारलेला, आणि रीतसर कधी मागेच न घेतला गेलेला. आमच्या घरी त्याला नुसतं 'संप' म्हणतात. इतर कुणाचा संप असला तर त्याला आडनाव लावावं लागतं. एसटीचा संप, बँकेचा संप. माझे वडील तेव्हा लालबागला एका गिरणीत साचेखात्यात होते. मी दोन वर्षांचा होतो, त्यामुळे त्या लढ्यातला माझा सहभाग रडण्यापुरताच.

पिशव्यांतून निघालं ते असं: एक सदरा, एक लेंगा, एक तीन पुडांचा डबा, एक छत्री आणि एक कोरं पासबुक. सगळं नवं, लेबलासकट. नायक आहे चाळिशीचा कामगार आणि त्याचे कपडे तर दुकानातून आत्ताच बाहेर पडलेले. चित्रपटवाल्या मंडळींत कपडे जुने करणं हे एक स्वतंत्र शास्त्र आहे, त्याची माणसंही वेगळी असतात, असं भाचीने मला ऐकवलं. कोल्हापूरच्या भानू अथय्या यांना 'गांधी'च्या वेशभूषेसाठी १९८३ साली जॉन मोलो यांच्याबरोबर ऑस्कर मिळालं, हे तिने अशा काही स्वरात सांगितलं की जणू पुढचं आमच्या गॅलरीतून जाणार आहे. (त्या बाईंनी ते ऑस्कर २०१२ मध्ये सांभाळायला परत अकादमीकडेच पाठवलं. लॉकरच्या सोयीबद्दल आम्हा बँकवाल्यांना कुणी विचारत नाही.)

आता, वस्तू जुनी होणं हा विषय मला अगदीच परका नाही. बी.कॉम.ला आम्हाला घसारा होता. यंत्र विकत घेतलं की दर साल त्याची किंमत कमी करत जायची, एक सरळ रेषेची पद्धत, एक घटत्या शिलकीची पद्धत. तीन वर्षं मी तो घसारा शिकलो, पण 'घसारा' या शब्दात 'घासणं' आहे हे मला त्या रविवारी प्रथमच दिसलं. कारण भाचीने पिशवीतून काचकागद, कानस आणि तारेचा ब्रश काढला, आणि स्वयंपाकघरातून सौ.ची खिसणी अन् न्हाणीघरातून वज्री घेऊन गॅलरीत ठाण मांडलं.

पहिला सदरा चहात पडला. साठ कप होईल एवढा चहा उकळून त्यात बिनदुधाची, बिनसाखरेची अंघोळ घातली. सदरा बाहेर आला तो जसा गेला तसाच, फक्त थोडा चिडल्यासारखा दिसत होता. नंतर कळलं की तो टेरिकॉटचा. त्यात पॉलिएस्टर फार, आणि पॉलिएस्टरला चहा चढत नाही. मग बाजारातून निव्वळ सुती सदरा आला. त्यावर शेजारच्या काकूंनी हळदीचं पाणी सुचवलं. हळदीने तो छान पिवळट झाला, आणि साबण लागताच लालभडक. हळदीला साबणाचा खार लागला की ती लाल होते, हे आपल्याकडच्या कुठल्याही गृहिणीला माहीत असतं. फक्त सल्ला देताना आठवत नाही. शेवटी पुन्हा चहाच, पण त्यात व्हिनेगरमध्ये भिजलेल्या गंजक्या खिळ्यांचं पाणी चमचाभर. चहातला तुरटपणा आणि लोखंड यांचं जमलं की काळपट करडा रंग येतो. हिरड्याची शाई पूर्वी याच युक्तीने करत. वरून मुलतानी माती. सिनेमात दिसणारी धूळ ही बऱ्याचदा मुलतानी माती असते, हे ऐकून सौ.ला फार बरं वाटलं. इतकी वर्षं ती जी तोंडाला लावत होती तिचा चित्रसृष्टीशी संबंध निघाला.

मग घासणं. हे काम मात्र बुद्धीचं आहे. कुठेही घासून चालत नाही. मनुष्य आपल्या कपड्याला कुठे कुठे त्रास देतो याचा आधी हिशेब मांडावा लागतो. कोपरं, कॉलरची घडी, मनगट, खिशाची वरची कड. खांद्यावर ऊन पडतं म्हणून तिथे रंग उडतो, पण कॉलर उचलून पाहिली तर तिच्या सावलीत मूळ रंग शाबूत असतो. खिशाच्या आतही असतो. खरोखरच्या जुन्या कपड्यात कुठे ना कुठे तरी नवेपण दडून राहिलेलं असतं. खोटं जुनं सगळीकडे सारखंच जुनं असतं. भाचीने हे कुठल्याशा व्याख्यानात ऐकलं होतं आणि मला ते फारच पटलं, कारण नोटांचंही तसंच आहे.

नोटांशी माझा वीस वर्षांचा सहवास आहे. (नोटा माझ्या नव्हेत, सहवास माझा.) रिझर्व्ह बँकेने १९९९ साली 'स्वच्छ नोट धोरण' जाहीर केलं, तेव्हापासून आम्ही चलनात ठेवण्याजोग्या आणि न ठेवण्याजोग्या नोटा वेगळ्या काढतो. फाटक्या नोटांचे तर काय काय नियम! पन्नास रुपये आणि त्यावरच्या नोटेचा सर्वांत मोठा तुकडा ऐंशी टक्क्यांहून जास्त असेल तर पूर्ण किंमत, चाळीस ते ऐंशीत अर्धी, त्याखाली नमस्कार. चाळीस टक्क्यांपेक्षा जास्त झिजलेल्या माणसांना आमच्या काउंटरवर पूर्ण आदराने वागवलं जातं, पण नोटेला ती सवलत नाही. या सहवासात मी एक शिकलो. माझ्या काउंटरवर आलेली खोटी नोट बहुधा कोरी नसते. ती चुरगळून, मळवून आणलेली असते. आपण खूप फिरलोय, खूप जणांनी आपल्यावर विश्वास टाकलाय, असं तिला दाखवायचं असतं. नेमकी तिथेच ती सापडते. खरी नोट घडीवर मळते, ही सगळीकडे.

तर मग प्रश्न असा की, चुरगळलेली खोटी नोट आणणारा इसम आणि माझ्या गॅलरीत सदरा घासणारी माझी भाची यांच्यात फरक काय? दोघांनीही न घडलेली वर्षं वस्तूला चिकटवली. दोघांनाही ती खरी वाटावीत अशी इच्छा. एकाला मी मॅनेजरसाहेबांकडे नेतो आणि दुसरीला कांदेपोहे करून देतो. 'नात्यातली आहे' हे उत्तर झालं नाही, जरी आपल्याकडे बहुतेक ठिकाणी तेच उत्तर चालतं.

सरळ उत्तर असं की, नोट घेणारा फसतो आणि सिनेमा बघणारा फसत नाही. तो तिकीट काढूनच येतो. मरणारा नायक मेला नाही हे त्याला माहीत असतं, तरी तो रडतो आणि नायक पुढच्या चित्रपटात दिसला म्हणून पोलिसांत जात नाही. हे उत्तर मी सोमवारभर काउंटरवर मनातल्या मनात घोळवलं आणि मला ते ठीक वाटलं. मंगळवारी सकाळी ते पुरेनासं झालं. त्याला कारण माझी आई.

आई पंच्याहत्तरीची आहे. तिला रात्री एकनंतर झोप येत नाही आणि रिकामं बसवत नाही. सोमवारी रात्री भाचीने सदऱ्याचा खिसा एका बाजूने उसवला होता, कोपरावर खिसणीने भोक पाडलं होतं, पाठीवर तेलाचा डाग, आणि तो गॅलरीत दोरीवर टाकून ती आपल्या घरी गेली होती. मंगळवारी सकाळी येऊन पाहते तो सदरा दोरीवर नाही. तो आईच्या गादीखाली घडी करून दाबून ठेवलेला. खिसा शिवलेला, कोपराला आतून कापड लावून बारीक टाके घातलेले, तेलाचा डाग जाऊन तिथे पुसट कडा राहिलेली, आणि सगळ्यावर नीळ.

भाचीला रडूच यायचं बाकी होतं. "आजी, ते फाडायला मला दोन तास लागले होते गं!"

"आणि शिवायला मला वीस मिनटं," आई म्हणाली. "फाटका सदरा असा चार लोकांदेखत दोरीवर कुणी टाकतं काय? लोक म्हणतील, घरात सुई नाही."

एवढ्यात त्यांचा दिग्दर्शक आला. चांगला मुलगा, बोलायला नम्र, पण दोन्ही गुडघ्यांवर पॅन्ट फाटलेली. आईने चष्म्याच्या वरून त्या गुडघ्यांकडे पाहिलं आणि भाचीला हळूच म्हणाली, "गो, त्याची पण दे काढून. हातासरशी करून टाकते."

दिग्दर्शकाचं म्हणणं होतं की, सदरा आता फार 'नीटनेटका' वाटतो, कामगार मळका दिसला पाहिजे, नाहीतर त्याचं दारिद्र्य पोचणार नाही.

"मळका का?" आईने विचारलं. तिला खरंच कळलं नव्हतं.

"म्हणजे आजी, गिरणीत काम करून..."

"गिरणीत सदरा घालून थोडेच उभे राहायचे हे साच्यावर? गंजीफ्रॉक असायचा. सदरा खुंटीला. येता-जाता अंगात तो फक्त रस्त्यापुरता. धुतलेला." आणि मग उठून तिने सदरा हातात घेतला, कॉलरच्या मागे पाठीकडे बोट लावलं. "ह्यांचा सदरा इथे उचललेला असायचा. खुंटीचं टोक. धुतला तरी जायचं नाही. तांब्यात निखारे घालून मी इस्त्री फिरवायची, तरी ते टोक पुन्हा वर."

दिग्दर्शक गप्प झाला. मीही. मला वडिलांच्या सदऱ्याचं ते टोक आठवत होतं, पण ते खुंटीचं आहे हे मला ठाऊक नव्हतं. मला वाटायचं, वडिलांची पाठच तशी.

माझ्या कॉमर्सच्या भाषेत सांगायचं तर, मुलांनी घसाऱ्याचं खातं अगदी चोख लिहिलं होतं, पण त्याच्या शेजारी आणखी एक खातं असतं, 'दुरुस्ती व देखभाल', ते त्यांनी उघडलंच नव्हतं. दहा वर्षं वापरलेल्या सदऱ्यावर दहा वर्षांची झीज असते हे खरंच. पण दहा वर्षांची धुणी, टाके, बदललेली बटणं, उलटवलेली कॉलर हेही असतं. झीज अंगात घालणाऱ्याची आणि टाके दुसऱ्याच कुणाचे. नुसती झीज दाखवली की पडद्यावर गरीब माणूस दिसतो खरा, पण त्याच्या घरात सुई नाही असं आपण सांगून मोकळे होतो. प्रेक्षक फसत नाही म्हणून सिनेमातलं खोटं माफ, हे माझं सोमवारचं उत्तर तिथे अडलं. प्रेक्षक नसेल फसत. पण ज्याचा सदरा म्हणून तो दाखवता, त्याच्याबद्दल खोटं बोललं गेलं की नाही? आणि तो बिचारा काउंटरवर येऊन तक्रारही करू शकत नाही.

यावर कुणी म्हणेल की, एवढं कशाला? बारा मिनिटांचा चित्रपट, त्यात सदरा चार मिनिटं, बघणार परीक्षक आणि मुलांचे आईबाप. हे म्हणणाऱ्यांत आमचे एक सहकारी आहेत. ते बचत खात्याच्या अर्जावरचं 'व्यवसाय' हे घरही 'एवढं कशाला' म्हणून कोरं ठेवतात. मला वाटतं, ज्याची साक्ष घ्यायला कुणी येणार नाही तिथेच जास्त जपून लिहावं लागतं. हा माझा स्वभाव असेल किंवा वीस वर्षांचं ऑडिट असेल.

दिग्दर्शकाच्या गुडघ्यांवरून एक गोष्ट सांगायची राहिली. फाटक्या, विटक्या जीन्सची थट्टा मीही पुष्कळ केली आहे. नवी पॅन्ट आठशेला आणि तीच फाटलेली सोळाशेला, हा घसाऱ्याचा उलटा हिशेब कुठल्याही कॉमर्सवाल्याला हसवतोच. पण ती विटकी करतात कशी, हे वाचल्यावर माझं हसू कमी झालं. तुर्कस्तानात पुष्कळ कारखान्यांत दाबलेल्या हवेने जीन्सवर वाळूचा मारा करत. बंद खोल्यांतून ती वाळूची धूळ पोरसवदा कामगारांच्या छातीत बसली आणि सिलिकोसिसने तरुण माणसं गेली. २००९ मध्ये तिथल्या सरकारने या पद्धतीवर बंदी घातली. दुसऱ्याच्या पॅन्टला खोटं म्हातारपण आणता आणता त्या पोरांची फुप्फुसं खरी म्हातारी झाली.

गिरणीतही छातीचं दुखणं होतंच. कापसाच्या तुसाने होतं, त्याला बिसिनोसिस म्हणतात, आणि त्याची खूण अशी की ते रविवारच्या सुट्टीनंतर सोमवारी जास्त जाणवतं. आईला हे नाव माहीत नाही, पण ती म्हणते, "ह्यांची छाती सोमवारी भरायची. संपात खोकला गेला पार. झोप छान लागायची त्यांना. घरात तांदूळ नव्हता, पण झोप छान."

आता पासबुक. हे खातं माझं. कोऱ्या पासबुकात १९८२ च्या नोंदी हाताने लिहून द्यायच्या होत्या. नायकाची बायको ते उघडते आणि शिल्लक बघते, असा प्रसंग. भाचीच्या एका मित्राने नमुन्यादाखल एक पान लिहून आणलं होतं. त्यातली एक नोंद १४ मार्च १९८२ ची होती. मी कॅलेंडर काढून दाखवलं. त्या दिवशी रविवार. रविवारी पैसे देणारी बँक या चित्रपटात असेल तर तो संपाचा चित्रपट राहत नाही, पौराणिक होतो.

"आजोबांचं खरं पासबुक आहे का?" भाचीने विचारलं. आहे. आईच्या ट्रंकेत, लुगड्याच्या घडीत आहे. आईने ते तिला दिलं नाही. "तुम्ही त्याच्यावर चहा ओताल." मला मात्र बघायला दिलं. त्यात काय आहे हे मी भाचीला सांगितलं नाही आणि तुम्हालाही सांगणार नाही. खातेदाराच्या व्यवहारांची गुप्तता पाळणं हे आमचं काम, आणि वडील झाले तरी ते खातेदार. कलेसाठी खरी वस्तू मिळाली की तिचं सोनं होतं असं म्हणतात. होत असेल. पण ज्याची ती वस्तू त्याला विचारता येत नसेल तेव्हा खोटी वस्तू करणं हेच जास्त प्रामाणिकपणाचं, असं मला त्या रात्री ते पासबुक परत घडीत ठेवताना वाटलं.

म्हणून मी आकडे बनवले. आयुष्यात पहिल्यांदाच, आणि आकडे बनवण्याची माझ्या हाताला सवय नसल्यामुळे फार हळूहळू. तेव्हा बचत खात्यावर पाच टक्के व्याज होतं, आणि ते धरायचे महिन्याच्या दहा तारखेपासून अखेरपर्यंतच्या सर्वांत कमी शिलकीवर. रोजच्या शिलकीवर व्याज २०१० च्या एप्रिलपासून आलं. म्हणजे अठ्ठावीस तारखेला पन्नास रुपये काढले की त्या महिन्याचं पन्नास रुपयांवरचं व्याज बुडालं. ते किती? सुमारे वीस पैसे. आई सांगते की घरात नड असली तरी वडील म्हणायचे, दोन दिवस थांबू, एक तारीख होऊ दे. (हे मला आईकडून कळलं, पासबुकातून नव्हे, तेव्हा गुप्ततेचा भंग होत नाही.) मी माझ्या खोट्या खातेदारालाही तीच सवय लावली. त्याने १ मार्चला पैसे काढले. मे महिन्यात ३ तारखेला काढले, कारण १ तारखेला महाराष्ट्र दिन आणि २ ला रविवार. दर वेळी रक्कम थोडी कमी. शेवटची ओळ कुठली, यावर मात्र दिग्दर्शकाशी माझं वाजलं. त्याला शिल्लक शून्य हवी होती. पडद्यावर शून्य चांगलं दिसतं म्हणे. मी साफ नकार दिला. असा माणूस खातं शून्यावर आणत नाही. बंद होऊ नये एवढे पैसे तो आत ठेवतो आणि पासबुक जपून ठेवतो, कारण गिरणी सुरू व्हायची असते.

राहता राहिली सही. नोंदीसमोर कारकुनाची आद्याक्षरं लागतात. खोट्या नोंदीपुढे मी माझी खरी सही करावी, की खोट्या नोंदीपुढे खोटी? पहिलं केलं तर खोटेपणा, दुसरं केलं तर दोनदा खोटेपणा. अर्धा तास पेन हातात धरून शेवटी मी एक अशी वेलांटी काढली जी कुणाचीच सही होऊ शकत नाही. आमच्या साहेबांची सही साधारण तशीच दिसते, पण तो योगायोग.

डब्याचं आणि छत्रीचं फारसं सांगण्यासारखं नाही. डबा एक दिवस चिरंजिवांना शाळेत न्यायला दिला, तो तीस वर्षांचा होऊन परत आला. छत्री आपली आपणच मोडली.

चित्रपट झाला. पासबुक पडद्यावर मी मनात मोजून दोन सेकंद दिसलं. नायकाच्या अंगात आईने शिवलेलाच सदरा होता. भाचीने तो रात्रभर खुंटीला टांगून, वर ओली पिशवी अडकवून, मागे टोक आणलं होतं. आईने ते अंधारातही बरोबर पाहिलं. परीक्षकांपैकी एकाने सदऱ्याबद्दल काहीच विचारलं नाही, म्हणून भाची खूष. तिच्या खात्यात कुणी काही विचारलं नाही म्हणजे पास. दोन्ही सदरे मग आमच्याकडेच राहिले, कारण कॉलेजात ठेवायला जागा नाही.

आमच्या गल्लीत अजून दोन-तीन महिन्यांनी एक बोहारीण येते. जुने कपडे घेते, भांडी देते. जुनं ओळखण्यात तिचा हात धरणारा कुणी मी पाहिलेला नाही. आमच्या कॅशविभागात ती असती तर नोटा तपासायचं यंत्र घ्यावं लागलं नसतं. आईने दोन्ही सदरे तिच्यापुढे टाकले. तिने आधी तो टेरिकॉटचा उचलला, उजेडात धरला, उलटा केला, काखेत पाहिलं आणि आईकडे बघितलं.

"मावशी, हा कुणी घातलेलाच नाय."

"नाही घातला," आई म्हणाली. "सिनेमासाठी केलेला."

"मग घासला कशाला?"

याचं उत्तर द्यायला मी पुढे होणार होतो, माझ्याजवळ चार दिवसांचं चिंतन तयार होतं, पण आईने मला हाताने मागे सारलं. त्या सदऱ्याची एक गाळणी ठरली. मग बाईने दुसरा घेतला. कोपरावरच्या टाक्यांवरून अंगठा फिरवला, आतून लावलेलं कापड ओढून पाहिलं, कॉलरमागचं टोक चिमटीत धरलं आणि काही न बोलता तो आपल्या गाठोड्यात न टाकता वेगळा, वर ठेवला. याला घालणारं कुणी मिळेल, एवढंच म्हणाली, आणि एक स्टीलचा डबा पुढे केला.

"झाकण?" आईने विचारलं.

झाकणावरून मग पाऊण तास गेला. झाकणाशिवाय आई डबा घेणार नाही हे मला ठाऊक होतं. त्या बाईलाही असावं, कारण झाकण तिने टोपलीच्या तळाशी आधीच वेगळं काढून ठेवलं होतं.